ठाणेकर, वाशीकर आणि पंच्याहत्तर टक्के : बेलची कसोटी स्वतः घेऊन पाहण्याची रीत

क्वांटम अस्थानिकता (दूरदूरच्या दोन कणांची उत्तरं अशी जुळणं की ज्याचा उलगडा त्या-त्या जागच्या कारणांनी होत नाही) समजावताना चपलांचा दाखला हमखास दिला जातो. जोडातली एक चप्पल ठाण्याला पाठवली, दुसरी वाशीला. वाशीला खोकं उघडलं, डावी निघाली, म्हणजे ठाण्याला उजवी. दाखला लगेच पटतो आणि तिथेच घात होतो, कारण चपला खोक्यात भरतानाच डावी-उजवी ठरलेल्या होत्या. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं ते वेगळंच आहे : गुंतलेल्या (दोघांची मिळून एकच क्वांटम अवस्था असलेल्या) कणांची उत्तरं निघतानाच ठरलेली असतील आणि एका टोकाचा परिणाम दुसऱ्या टोकाला प्रकाशाच्या आधी पोचत नसेल, तर जुळणीला एक ठराविक मर्यादा पडते. निसर्ग ती मर्यादा ओलांडतो. हे पटवून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही; एक दुपार, आठ माणसं, काही नाणी आणि एक लॅपटॉप पुरतो. काम तीन टप्प्यांत करायचं. पहिला टप्पा टाळून थेट लॅपटॉपवर जाऊ नका. भिंत किती पक्की आहे हे कळलं नसेल, तर ती ओलांडली गेल्याचं महत्त्व कळत नाही.

पहिला टप्पा : नाण्यांचा खेळ

हा खेळ भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझर, हॉर्न, शिमनी आणि होल्ट यांच्या १९६९ च्या सूत्रावरून आला आहे. एका जोडीत दोन खेळाडू. त्यांना ठाणेकर आणि वाशीकर म्हणू. प्रत्येकाजवळ एक पंच. दोन्ही पंच आपापलं नाणं उडवतात आणि फक्त आपल्या खेळाडूला 'छापा' किंवा 'काटा' सांगतात. खेळाडूने ० किंवा १ उत्तर द्यायचं. जिंकायची अट अशी : दोन्हीकडे काटा आला असेल तर उत्तरं वेगळी हवीत, बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत. खेळ सुरू होण्याआधी खेळाडूंनी हवी तेवढी खलबतं करावीत, याद्या बनवाव्यात, चिठ्ठ्या वाटून घ्याव्यात. खेळ सुरू झाल्यावर एकमेकांशी संपर्क नाही.

जागा : सोसायटीचं क्लबहाऊस आणि दोन मजले वरचं एखादं घर चांगलं. शेजारशेजारच्या खोल्या नकोत, आवाज जातो. चार जोड्या एकाच वेळी खेळवणार असाल तर आठ खेळाडूंनीच आळीपाळीने पंच होऊ नये; जोडीची खलबतं ऐकलेला माणूस त्याच जोडीचा पंच नको. आठच माणसं असतील तर दोन जोड्या आणि चार पंच ठेवा, आणि प्रत्येक जोडीला दोनशे फेऱ्या खेळवा.

प्रत्येक पंचाकडे एक नाणं, एक पेन आणि १ ते १०० आकडे छापलेले दोन कागद. कागदावर दोनच रकाने : काय पडलं, काय उत्तर आलं. एक फेरी २० सेकंदांची. ती 'झालं का?' असं ओरडून जुळवू नका. मोबाइलच्या घड्याळात सेकंद दिसू द्या आणि मिनिटाच्या ०, २० आणि ४० व्या सेकंदाला फेरी घ्या. शंभर फेऱ्यांना ३३-३४ मिनिटं लागतात. मध्ये चहा घ्या, पण दोन्ही मजल्यांवर एकाच क्रमांकाला थांबा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. एका पंचाची एक ओळ निसटली की पुढच्या सगळ्या फेऱ्या चुकीच्या फेरीशी जुळतात. खेळाडू चिठ्ठ्यांच्या यादीवरून खेळत असतील तर तिथून पुढे निकाल ५० टक्क्यांकडे घसरतो आणि दोष खेळाडूंवर येतो. दर दहाव्या फेरीला पंचाने कागदावर घड्याळातली वेळ लिहून ठेवली की चूक सापडते.

नाणं खरंच उडवा. माणसाने मनाने 'छापा-काटा' सांगितला की तो एकाआड एक सांगतो किंवा काटा कमी सांगतो. याचा फटका किती बसतो ते पाहा. दोन्ही खेळाडूंनी डोळे मिटून कायम ० म्हटलं तरी ते फक्त काटा-काटा या एकाच प्रसंगी हरतात. नाणी सरळ असतील तर हा प्रसंग २५ टक्के वेळा येतो आणि ते ७५ टक्के जिंकतात. पण पंच काटा ४० टक्केच वेळा सांगत असतील तर काटा-काटा १६ टक्क्यांवर येतो आणि हीच आळशी जोडी ८४ टक्के जिंकते! म्हणून सगळ्या फेऱ्यांची एकच सरासरी काढू नका. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार गठ्ठे करा, प्रत्येकाची जिंकण्याची टक्केवारी वेगळी काढा आणि मग त्या चार आकड्यांची सरासरी घ्या.

ही सरासरी ७५ च्या वर जात नाही. का, ते सगळ्यांसमोर कागदावर करून दाखवा, कारण पुढचं सगळं याच चार ओळींवर उभं आहे. कोणत्याही एका फेरीसाठी खेळाडूंच्या खिशात जी चिठ्ठी आहे तिच्यावर चार आकडे असतात : ठाणेकरचं छाप्याचं उत्तर, ठाणेकरचं काट्याचं, वाशीकरचं छाप्याचं, वाशीकरचं काट्याचं. आता अटी लावा. छापा-छापा जिंकायचं तर ठाणेकरचा छापा आणि वाशीकरचा छापा सारखे. काटा-छापा जिंकायचं तर ठाणेकरचा काटाही त्याच आकड्याचा. छापा-काटा जिंकायचं तर वाशीकरचा काटाही तोच. म्हणजे चारही आकडे एकच झाले. आणि चौथी अट म्हणते की दोघांचे काटे वेगळे हवेत. अडलं. कशीही चिठ्ठी लिहा, चारपैकी एक अट मोडतेच. दर फेरीला नवी चिठ्ठी काढली, फासे टाकून काढली, आधी हजार चिठ्ठ्यांचा गठ्ठा बनवला, तरी ती या अडलेल्या चिठ्ठ्यांचीच सरसकट सरासरी राहते.

गुंतलेल्या कणांची जोडी वापरणारे खेळाडू ८५.४ टक्के जिंकू शकतात. तेव्हा ७५ आणि ८५ यांत फरक दिसेल इतक्या फेऱ्या हव्यात. शंभर फेऱ्यांत नशिबाची चढउतार सुमारे ४.३ टक्क्यांची असते, त्यामुळे कुणी ८१ जिंकले म्हणून हुरळून जायचं कारण नाही. चारशे फेऱ्यांत ती २.२ वर येते. तिथे ८५ दिसले तर ते जवळपास पाचपट दूर आहेत, आणि मग लबाडी शोधायला सुरुवात करावी.

लबाडी मुद्दाम करून पाहा

हा भाग वगळायचा मोह होईल, पण शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. खऱ्या प्रयोगांना चाळीसेक वर्षं ज्या पळवाटांनी छळलं त्या इथे हाताने करून बघता येतात.

पहिली लबाडी, मोबाइलची. ठाणेकरने आपलं छापा-काटा वाशीकरला मेसेज केलं की १०० टक्के विजय. लांब बसवल्याने हे थांबत नाही. एक खेळाडू खरोखर ठाणे स्टेशनजवळ आणि दुसरा वाशी स्टेशनजवळ बसवला तर सरळ रेषेत अंतर साधारण १४ किलोमीटर; प्रकाशाला एका दिशेने सुमारे ४७ मायक्रोसेकंद लागतात. आपल्या २० सेकंदांच्या फेरीत तो दोन लाखांहून जास्त वेळा जाऊन-येऊन करेल. निरोप जाणं निसर्गानेच अशक्य करायचं असेल तर नाणं पडण्यापासून उत्तर नोंदवण्यापर्यंत सगळं ४७ मायक्रोसेकंदांच्या आत उरकायला हवं. माणसांकडून ते होणार नाही. म्हणून आपल्या खेळात 'संपर्क नाही' ही अट शब्दावर चालते, आणि निकाल लिहिताना तसं स्पष्ट लिहा.

दुसरी लबाडी जास्त धूर्त आहे. नियमात एवढीच सूट द्या : वाशीकरला हवं तेव्हा 'पास' म्हणता येईल आणि पास झालेली फेरी मोजली जाणार नाही. आता त्यांनी चिठ्ठीवर असं लिहावं : 'या फेरीत वाशीकर फक्त काट्याला उत्तर देईल' किंवा 'फक्त छाप्याला'. वाशीकरचा एकच प्रश्न उरला की उरलेल्या दोन अटी एकमेकींशी भांडत नाहीत, कायम पाळता येतात. अर्ध्या फेऱ्या गळतात आणि राहिलेल्या सगळ्या जिंकल्या जातात. कुणीही निरोप पाठवला नाही, नाणी सरळ होती, तरी १०० टक्के. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ते खऱ्या प्रयोगांतलं 'न सापडलेले फोटॉन (प्रकाशाचे कण) सोडून देऊ' हे वाक्य पुन्हा सहजपणे वाचणार नाहीत. १९९८ मध्ये ऑस्ट्रियात इन्सब्रुकला ४०० मीटरवर केलेल्या प्रयोगात निरोपाची वाट बंद होती, पण फोटॉन पकडले जात होते पाचेक टक्केच. याच खेळासाठी, पूर्ण गुंतलेल्या जोडीसह आणि काहीही गृहीत न धरता, ही पळवाट बुजवायची तर दोन्ही बाजूंना सुमारे ८२.८ टक्क्यांहून जास्त उत्तरं मिळायला लागतात.

दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या २०१५ मध्ये. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला हिऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांवर १.३ किलोमीटर अंतराने प्रयोग झाला. प्रकाशाला तिथे ४.३ मायक्रोसेकंद लागतात. २२० तासांच्या मोजणीत फक्त २४५ फेऱ्या मिळाल्या, पण एकही गाळावी लागली नाही. त्याच वर्षी व्हिएन्ना आणि बोल्डरच्या गटांनी फोटॉनांवर ते केलं. आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना २०२२ चं नोबेल या साऱ्या वाटचालीसाठी मिळालं.

दुसरा टप्पा : स्प्रेडशीट

कोणतीही स्प्रेडशीट चालेल, हजार ओळी घ्या. पहिल्या रकान्यात ० ते १ मधला यादृच्छिक आकडा. ही खेळाडूंची समाईक चिठ्ठी. दुसऱ्यात ठाणेकरचं नाणं, तिसऱ्यात वाशीकरचं, दोन्ही ० किंवा १ (काटा म्हणजे १). चौथ्यात ठाणेकरचं उत्तर, पाचव्यात वाशीकरचं, सहाव्यात जिंकले की नाही.

नियम एकच, पण तो कडक पाळा : चौथ्या रकान्याचं सूत्र फक्त पहिला आणि दुसरा रकाना वाचू शकतं, पाचव्याचं फक्त पहिला आणि तिसरा. स्थानिकता म्हणजे नेमकं हेच. 'इथलं उत्तर इथल्या प्रश्नावर आणि आधी मिळालेल्या चिठ्ठीवरच ठरतं' हे वाक्य सूत्रातल्या रकान्यांच्या पत्त्यांत उतरलं आहे. आता जमलेल्या पोरांना हवी तितकी चलाख सूत्रं लिहू द्या. साइन, कोसाइन, वर्गमूळ, काहीही. चार गठ्ठ्यांची सरासरी ७५ च्या आसपास अडकते, दीड-दोन टक्क्यांची चढउतार सोडली तर वर जात नाही.

मग ८५.४ मिळवायला सांगा. जमेल असं सोपं सूत्र आहे : ठाणेकरचं उत्तर नाणं उडवल्यासारखं, ० किंवा १, वाशीकरचं उत्तर ८५.४ टक्के वेळा जिंकवणारं, बाकी वेळा हरवणारं. निकाल बरोबर येतो. पण पाचव्या रकान्याचं सूत्र उघडून पाहा : त्यात दुसरा आणि चौथा रकाना आलेला आहे. वाशीकरच्या खोलीने ठाणेकरचं नाणं वाचलं. तो पत्ता सूत्रातून काढायचा प्रयत्न करा, निघत नाही. अभिजात (क्वांटमच्या आधीचं) वर्णन अपुरं पडतं म्हणजे काय, याचं याहून जवळचं दर्शन आमच्या माहितीत नाही. शीटचा प्रिंट काढून ते सूत्र लाल पेनाने अधोरेखित करून भिंतीला लावा.

एक मोजणी अजून करा. वाशीकरच्या उत्तरात १ किती वेळा आले ते ठाणेकरच्या छाप्यासाठी वेगळे आणि काट्यासाठी वेगळे मोजा. दोन्हीकडे निम्मे-निम्मे. म्हणजे वाशीला नुसती आपली उत्तरं पाहून ठाण्याला काय पडलं हे कळत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय जुळणी दिसतच नाही. अस्थानिकतेने निरोप पाठवता येत नाही तो यामुळे. 'क्वांटमने प्रकाशापेक्षा जलद संदेश' असं कुणी सांगू लागलं की त्याला ही मोजणी करायला लावा.

तिसरा टप्पा : सर्किट

ब्राउझरमध्ये गेट (क्यूबिटवर करायच्या क्रिया) ओढून सर्किट बनवायची साधनं मिळतात. आयबीएमचं कंपोजर त्यातलं एक. दोन क्यूबिट (मोजल्यावर ० किंवा १ देणारे क्वांटम घटक) घ्या, दोन्ही ० वर. पहिल्यावर हॅडामार्ड (० ला ० आणि १ यांच्या समान मिश्रणात नेणारं गेट), मग पहिल्यापासून दुसऱ्यावर सी-नॉट (पहिला १ असेल तर दुसऱ्याला उलटवणारं गेट). जोडी गुंतली. आता खेळाडूंचे प्रश्न म्हणजे मोजण्याआधीचे फिरवणारे आरवाय गेट. ठाणेकर छाप्याला काही फिरवत नाही, काट्याला उणे पाय (π) भागिले २. वाशीकर छाप्याला उणे पाय भागिले ४, काट्याला अधिक पाय भागिले ४. मग दोन्ही मोजा. अशी चार सर्किटं वेगळी बनवा आणि प्रत्येक १००० वेळा चालवा.

प्रत्येक सर्किटासाठी सारखी उत्तरं वजा वेगळी उत्तरं, भागिले १००० करा. पहिल्या तिघांत आदर्श आकडा अधिक ०.७०७, म्हणजे सारखी साधारण ८५४, वेगळी १४६. काटा-काटाला उणे ०.७०७. पहिल्या तिन्हींची बेरीज करून चौथा वजा करा. या आकड्याला एस म्हणतात. चिठ्ठ्यांची मर्यादा २ (तीच ७५ टक्क्यांची), क्वांटमची २.८२८ (तीच ८५.४ टक्क्यांची). ही वरची मर्यादा त्सिरेलसन यांनी १९८० मध्ये सिद्ध केली. हजार-हजार फेऱ्यांत एसची चढउतार ०.०४५ च्या घरात, तेव्हा २ आणि २.८ यांत घोटाळा होण्याचा प्रश्नच नाही.

सिम्युलेटरवर (खऱ्या क्वांटम चिपऐवजी सर्किटाचा नुसता हिशोब करणाऱ्या प्रोग्रॅमवर) आधी चालवा, कारण तिथे चुकांच्या खुणा ठळक उमटतात. एस १.४१ आला तर हॅडामार्ड राहिलं. शून्याच्या आसपास आला तर दोन शक्यता : सी-नॉट राहिलं, किंवा ठाणेकरच्या काट्याचं उणे चिन्ह निसटलं. २.३९ आला तर तुम्ही फोटॉनाचे कोन टाकलेत. ध्रुवीकरणाच्या (प्रकाशाच्या कंपनदिशेच्या) प्रयोगांत कोन ०, ४५, २२.५ आणि उणे २२.५ अंश असतात, क्यूबिटच्या आरवायला त्याच्या दुप्पट लागतात. ही चूक फसवी आहे, कारण २.३९ दोनच्या वर आहे आणि माणूस समाधानाने थांबतो. भलतेच आकडे येत असतील तर अंश टाकलेत, साधनाला रेडियन हवे होते. आणि आयबीएमच्या निकालात क्यूबिटचा क्रम उजवीकडून डावीकडे असतो. सारखी-वेगळी मोजताना त्याने फरक पडत नाही, पण वाशीकरची उत्तरं वेगळी मोजाल तेव्हा पडतो.

सिम्युलेटर हे साध्या कॉम्प्युटरवरच चालतं, मग त्याने २.८२८ कसं दिलं, असा प्रश्न कुणीतरी विचारेल आणि तो विचारायलाच हवा. उत्तर स्प्रेडशीटचंच. सिम्युलेटरला दोन्ही कोन एकाच वेळी माहीत असतात. लाल पेनाने अधोरेखित केलेला तो पत्ता त्याच्या आत बसलेला आहे. म्हणून सिम्युलेटरवरचा आकडा हा क्वांटम गणिताचा हिशोब झाला, निसर्गाची साक्ष नव्हे.

खऱ्या चिपवर आकडा खाली येतो. मुख्य कारण वाचनातली चूक : क्यूबिट ० असताना १ वाचला जातो किंवा उलट. दोन्ही क्यूबिटवर ही चूक ३ टक्के असेल तर एस २.५० वर येतो. ८ टक्के असेल तर २ च्या किंचित खाली जातो आणि सगळी करामत पुसली जाते. म्हणून चालवण्याआधी चिपच्या माहितीपानावर वाचनचूक पाहा, दोन्हींवर ४ टक्क्यांच्या आतली आणि एकमेकांना थेट जोडलेली जोडी निवडा. थेट जोडणी नसली तर साधन मध्ये आपोआप जास्तीची गेट घालतं आणि प्रत्येक गेट जोडीचं गुंतलेपण थोडं खातं. वाचनचुकीची दुरुस्ती आपोआप लावणारा पर्याय असेल तर पहिल्यांदा तो बंद ठेवा. कच्चा आकडाच २ च्या वर यायला हवा.

तीन ध्रुवक (एकाच कंपनदिशेचा प्रकाश जाऊ देणारे पडदे) एकापुढे एक धरून प्रकाश परत आणायचा प्रयोग याच विषयाचा पुरावा म्हणून पुष्कळ ठिकाणी दाखवतात. करायला छान आहे, पण प्रकाशलहरींच्या जुन्या सिद्धांताने तो पूर्ण समजावता येतो. बेलच्या कसोटीच्या जागी तो ठेवू नका.

निकालाच्या कागदावर शेवटी हे लिहा : एस किती, चढउतार किती, किती फेऱ्या गाळल्या (शून्य हवं), आणि दोन क्यूबिट एकाच चिपवर काही मिलिमीटर अंतरावर होते, म्हणून निरोपाची वाट बंद केलेली नाही. अशाच अतिवाहक क्यूबिटांवर ती वाट बंद करायला झुरिकच्या गटाने ३० मीटर लांबीची, निरपेक्ष शून्याजवळ थंड ठेवलेली नळी बांधली. दोन टोकांमधलं अंतर ओलांडायला प्रकाशाला सुमारे ११० नॅनोसेकंद लागतात, आणि प्रश्न निवडण्यापासून उत्तर वाचेपर्यंत सगळं त्याच्या आत उरकलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा एस आहे २.०७४७, चढउतार ०.००३३.